कबरीपासून तीन पावलं

पुंडलिकभाऊंना गावातलं कुणाचंही घर विचारलं, तर ते रस्त्याचं नाव सांगत नसत, वाल सांगत. "थो दातांचा डॉक्टर? थो टाकीखालच्या वालवर राह्यते." "मास्तरीनबाई आता चिंचेच्या वालवर गेल्या, पोराकडे." नळाचं पाणी सोडायच्या व्हॉल्व्हला आमच्याकडे वाल म्हणतात आणि तो उघडणाऱ्याला वालमन. पुंडलिक भगत आमच्या नगरपालिकेचे वालमन होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला उन्हाळ्यात आठव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळे गावात आमदारापेक्षा वालमनची वाट जास्त पाहिली जाते. मी त्याच खात्यात बाबू होतो. तक्रारींचं रजिस्टर माझ्याकडे. सगळी नोकरी मी 'पाणी आले नाही' हे एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत वाचत काढली, आणि खरं सांगायचं तर तो कंटाळा अजून अंगातून गेलेला नाही.

मी स्वतः कबरीच्या वालवरचा, म्हणजे कबर गल्लीत राहणारा. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली, रस्त्याला अगदी लागून एक जुनी कबर आहे. चुना मारलेली. वर काही लिहिलेलं नाही. कुणाची, ते हिंदूंना माहीत नाही आणि मुसलमानांनाही नाही. तिथे उरूस भरत नाही, कुणी चादर चढवत नाही. समोर रशीदभाईंचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, शब-ए-बरातच्या आधी तेच चुना मारतात. मी एकदा त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "बाबू, हमारे दादा कू भी नहीं मालूम था. होएगा कोई मुसाफिर. थक के बैठा होएगा, फिर उठाच नहीं." गल्लीला नाव मात्र त्याचं पडलं.

पुंडलिकभाऊ अंगानं काटकुळे. खाकी पँटचे पाय पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेले, खांद्यावर छातीइतकी उंच लोखंडी चावी, आणि सायकल. कुणीही भेटलं की "जयभीम". रशीदभाई दुकानातून "सलाम भाऊ" म्हणत. एवढ्यावर दोघांचा दिवस सुरू व्हायचा. वाल उघडायच्या आधी ते चावीचं एक टोक वालवर टेकवत आणि दुसरं कानाला लावत. डोळे बारीक करून ऐकत. मग चावी फिरवताना फेरे मोजत. प्रत्येक वालचे फेरे वेगळे, आणि ते सगळे त्यांच्या डोक्यात. मधेच कुणी बोललं तर उत्तर द्यायचे नाहीत. मग लोक म्हणायचे, पुंडलिकला फार माज आलाय.

मी नवा लागलो तेव्हा साहेबांनी मला पाइपलाइनचा नकाशा शोधायला सांगितला. चार दिवस कपाटं उपसली. शेवटी पुंडलिकभाऊंनाच विचारलं. ते हसले. म्हणाले, "नकाशा? चला माह्यासंगं." दिवसभर त्यांनी मला सायकलच्या मागे बसवून गावभर हिंडवलं. कुठे चिंच, कुठे पिठाच्या गिरणीचा ओटा, कुठे जुन्या शाळेची पायरी. प्रत्येक ठिकाणी उतरायचे, त्या खुणेपासून पावलं टाकायचे आणि टाच आपटायचे. टाचेखाली वाल. कबरीपाशी आलो तेव्हा कबरीच्या पायथ्याला टाचा लावून उभे राहिले, दक्षिणेकडे तोंड करून तीन पावलं चालले आणि थांबले.

"बाबू, वाल काही दिसत नाई. धूळ बसते, गिट्टी पडते. मानसाले पक्का खून पायजे."

मी दचकलो. मी अमरावतीचा, तिकडेही असंच बोलतात, तरी दचकलो. आमच्याकडे 'ण'चा 'न' होतो हे खरं, पण पुंडलिकभाऊंच्या तोंडी खूण हा शब्द दिवसातून वीसदा यायचा, आणि वीसही वेळा त्याचा खून व्हायचा. "चिंचेचा खून गेला." "गिरनीचा खून अजून हाये." नवी माणसं ऐकून गप्प व्हायची. पुढे याच शब्दानं एक प्रसंग आणला, तो सांगतोच.

ते कबरीला हात जोडत नसत. बौद्ध घरातला माणूस, त्यांच्या वडिलांनी छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले देव काढून टाकले होते. एकदा एका बाईनं कबरीवर उदबत्ती लावली आणि कडुनिंबाला धागा बांधायला घेतला. पुंडलिकभाऊ चावी टेकवून उभे राहिले. "बाई, इथं कोनी पावत नाई. मानूस झोपला हाये. झोपू द्या त्याले." बाई रागावून निघून गेल्या. पण वाल उघडल्यावर पाइपातलं पहिलं गंजाचं तांबडं पाणी लोकांच्या नळाला जाऊ नये म्हणून ते बाजूच्या तोटीनं सोडून देत, आणि ते पाणी कबरीच्या कडेनं कडुनिंबाच्या मुळाशी जाई. आमच्या गल्लीत मे महिन्यात सावली म्हणाल तर ती तेवढीच.

गल्लीला मात्र हे नाव जड होत चाललं होतं. लग्नपत्रिकेवर 'कबर गल्ली' कसं छापायचं? शुभकार्यात कबर! एका घरानं युक्ती केली, पत्रिकेवर 'कबीर गल्ली' छापलं. एका वेलांटीचा तर प्रश्न. वरात आर्णीकडून आली, आणि गावात कबीर गल्ली कुणालाच ठाऊक नाही. बँडवाले बसस्टँडपासून बाजारापर्यंत दोनदा वाजवत गेले. नवरदेवाचा घोडा घामाघूम, नवरदेव त्याहून जास्त. शेवटी चौकात पुंडलिकभाऊ भेटले. त्यांनी पत्रिका हातात घेतली, नवरीच्या बापाचं नाव वाचलं आणि म्हणाले, "हे तर कबरीच्या वालवरचे होत. या माह्यामागं." पुढे सायकल, खांद्यावर चावी, मागे बँड आणि घोडा अशी वरात कबरीवरून मांडवात आली. नवरीच्या बापानं पुंडलिकभाऊंना जेवायला बसवलं खरं, पण तोंड पाडूनच.

मी हसलो होतो तेव्हा. पुढे माझ्या मुलीसाठी स्थळं पाहायची वेळ आली तेव्हा तिच्या बायोडाटावर मी माझ्या भावाचा पत्ता घातला.

आता विटांचं सांगतो. आमच्या गल्लीचा रस्ता दर काही वर्षांनी नवा होतो. जुना उखडत नाहीत, त्याच्यावरच सिमेंटचा थर ओततात. माझ्या घरात चढायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, आता उतरायला एक आहे. रस्ता वर आला की वालभोवतालचं विटांचं चेंबर खाली जातं, मग त्यावर विटांचा एक थर चढवून झाकण वर घ्यावं लागतं. हे काम वालमनचं, आणि त्याला लागणाऱ्या विटा-सिमेंटची चिठ्ठी लिहायची माझी. पहिल्यांदा रस्ता झाला तेव्हा पुंडलिकभाऊ टेबलाशी आले.

"बाबू, चेंबरले लागतीन त्याच्याहून जराशा जास्त लिहा."

"कशाला?"

"कबर बुजून राह्यली."

घरी जाता-येता मीही ते पाहत होतो. खरंच, कबर कुणी पाडत नव्हतं, कुणी तिच्या विरोधातही नव्हतं. ती नुसती वितीवितीनं खाली चालली होती. मी चिठ्ठी लिहिली. जास्त विटा लिहिल्या. आणि सहीची जागा आली तेव्हा कागद त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, "सही तुम्ही करा भाऊ. माझं नाव नको त्यात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझंच पेन घेतलं आणि सावकाश, बापाच्या नावासकट पूर्ण सही केली. ती सही करायला त्यांना वेळ लागे. मी तेवढा वेळ दुसऱ्या फायलीत डोकं घालून बसलो.

त्या दुपारी पुंडलिकभाऊंनी आणि रशीदभाईंनी मिळून काम केलं. रशीदभाईंनी आधी ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. पुंडलिकभाऊ टोपी काढून बाजूला उभे राहिले. मग दोरी धरून जुन्या कबरीवर विटांचा थर रचला. रशीदभाई सांगत होते, "सिरहाना उत्तर कू, भाऊ, टेढा नको जाऊ दे." गिलावा झाला, चुना झाला, कबर पुन्हा रस्त्याच्या वर आली. जाणाऱ्या-येणाऱ्याला काही कळलंही नाही. असं माझ्या नोकरीत तीनदा झालं. तीनदा मी चिठ्ठी लिहिली, आणि तीनदा सही त्यांची.

मग गल्लीतल्या लोकांनी नाव बदलायचा अर्ज केला. 'शांतीपथ' असं सुचवलं. अर्जावर चौथी सही माझी आहे. इथे मात्र माझं पेन अडखळलं नाही.

अर्ज आला म्हणून पाहणी आली. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले तरुण इंजिनिअर साहेब होते. माणूस वाईट नव्हता, उन्हानं बेजार झालेला होता. त्यांनी कबरीचा सुटलेला गिलावा बोटानं खरवडला तर आत कोरी करकरीत लाल वीट. "ही जुनी कबर? ही तर परवाची वीट आहे." अजून खरवडलं तर विटेवर चांदणीचा शिक्का. झालं! गल्लीतला एकजण ओरडलाच, "चांदणी! पाहा साहेब, यांचीच खून हाये. जागा दाबाले बांधली." सगळ्यांचे डोळे रशीदभाईंच्या दुकानाकडे वळले. आता ती चांदणी म्हणजे आमच्याच गावच्या भट्टीवाल्याच्या लेकीचं नाव. लेक तारा, म्हणून तारा छाप वीट. त्या ओरडणाऱ्याच्या स्वतःच्या घराच्या प्रत्येक विटेवर तीच चांदणी होती. पण गिलाव्याखाली कोण पाहतो? रशीदभाई दुकानाच्या पायरीवर चिंधीनं हाताचं ग्रीस पुसत होते. पुसून झालं तरी पुसतच राहिले. त्यांचा तो थकलेला चेहरा मला अजून दिसतो.

साहेबांनी लिहिलं: अलीकडील बांधकाम, अतिक्रमण. सोमवारी जेसीबी. रशीदभाईंवर कारवाई का करू नये, अशी नोटीसही तयार करायला माझ्याच टेबलावर आली.

मला सगळं माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी नोटीस टाइप केली. घरी आलो, जेवलो नाही, बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणालो. पुंडलिकभाऊंना निवृत्तीला सात महिने उरले होते. ते बोलणार नाहीत असं मला वाटत होतं. खरं म्हणजे ते बोलू नयेत असंच मला वाटत होतं, कारण ते बोलले तर चिठ्ठ्या निघणार, आणि चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं.

शनिवारी सकाळी ते चावी खांद्यावर घेऊनच साहेबांच्या खोलीत शिरले. मी आत कागद घेऊन उभा होतो.

"साहेब, कबरीच्या थ्या विटा पालिकेच्या हायेत. रशीदभाईचा काही संबंध नाई. मी लावल्या."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "तुम्ही? का?"

"खुनासाठी, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दारातल्या शिपायानंही. एक कबर, आणि समोर हातात लोखंडी दांडा घेतलेला माणूस खून म्हणतोय! मी घाईघाईनं म्हटलं, "खूण, साहेब. खूण. निशाणी." साहेबांनी सुस्कारा टाकला आणि पाणी मागितलं.

पुंडलिकभाऊंना आपण काय बोललो ते कळलंही नाही. ते सांगत होते, "साहेब, चिंचेचा वाल होता, चिंच तोडली. गिरनी पाडून तिथं काम्प्लेस झालं. शाळेची पायरी गेली. मले आता कोनता वाल कुठं, हे अंदाजानं पाहा लागते. साऱ्या गावात सगळं हाललं. थो एक मेलेला मानूस जाग्यावर राह्यला. त्याच्या पायापासून तीन पावलं, की वाल. कबर बुजली तर अर्ध्या गावाचं पानी मी कुठं शोधू? आन् कोनाच्या डोक्यावरून सिमेंट ओतनं बरं हाये काय?"

शेवटचं वाक्य ते हळू बोलले. मला वाटतं खरं कारण तेच असावं, पण ते साहेबांना पुरलं नसतं हे त्यांना माहीत होतं.

साहेब म्हणाले, "जबाब लिहून घ्या." मी खुर्ची ओढून बसलो आणि लिहायला लागलो.

"विटा तुम्हाला कुणी दिल्या? चिठ्ठी कुणी लिहिली?"

माझा हात थांबला. पुंडलिकभाऊ माझ्याकडे पाहतील असं वाटलं. त्यांनी पाहिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाले, "सही माहीच हाये, साहेब. दुसऱ्या कोनाले मालूम नाई."

आणि मी लिहिलं. 'सदर कामी मला कोणीही मदत केली नाही व याबाबत कोणासही माहिती नव्हती.' माझ्या वळणदार अक्षरात. ते वाक्य मी लिहिलं याची मला आजही लाज वाटते. चिठ्ठ्या कुणी काढून पाहिल्या नाहीत. पाहायची कुणालाच इतकी हौस नव्हती.

"कबर जुनी आहे याला पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

"खोदून पाहा. बाजूनं. तिले धक्का लावू नका."

रविवारी पुंडलिकभाऊंनी स्वतःच खोदलं. कबरीला चिकटून नव्हे, वीतभर सोडून. अख्खी गल्ली मोबाइल काढून उभी. वर तारा छाप विटांचे तीन थर. प्रत्येक थराशेजारी रस्त्याचा एकेक सिमेंटचा पापुद्रा, बरोबरीनं. त्याखाली जुन्या रस्त्याचं डांबर, त्याखाली गिट्टी, मुरूम. आणि विटांच्या खाली, डांबराच्या बरोबरीनं, बसका, घडीव काळा दगड. साहेब गुडघ्यावर बसून वाकले, हातानं माती झटकली. नाव असेल, साल असेल, म्हणून सगळे पुढे झुकले. काही नव्हतं. कोरा दगड. रशीदभाई खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते, इतकंच म्हणाले, "सलामत है बिचारा." पुंडलिकभाऊ घाम पुसत वर आले आणि खड्डा बुजवायला लागले.

जेसीबी आला नाही. नोटीस फाटली. कबर राहिली. पण पालिकेचं साहित्य परस्पर वापरलं म्हणून पुंडलिकभाऊंची चौकशी लागली. साहेबांनी आपल्या परीनं ती ढिली ठेवली, तरी ती निवृत्तीच्या दिवसापर्यंत संपली नाही. चौकशी चालू असलेल्या माणसाला निरोप समारंभ देता येत नाही. त्या दिवशी त्यांनी चावी माझ्या टेबलाला टेकवून ठेवली, "येतो बाबू, जयभीम" म्हणाले आणि गेले. मी उभा राहिलो होतो, एवढंच.

नाव बदलायचा ठराव मंजूर झाला. 'शांतीपथ'ची निळी पाटी लागली. ऑटोवाले अजून कबर गल्लीच म्हणतात. नवा वालमन पोरगा हुशार आहे, पण चिंचेचा वाल त्याला सापडत नाही. मला फोन करतो, मी काय सांगणार? पुंडलिकभाऊ मला किती वेळा म्हणाले होते, "बाबू, फेरे लिहून ठेवा." मी जगभराचं लिहिलं, तेवढं राहिलं. कबरीचा वाल मात्र त्याला पहिल्याच दिवशी सापडला.

मीही आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी रस्ता पुन्हा झाला. कबर आता रस्त्याच्या वर जेमतेम चार बोटं दिसते. त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी कडुनिंबाखाली पुंडलिकभाऊ दिसले. ते राळेगाव रस्त्यावरच्या त्यांच्या खेड्यात असतात. फार वाळले होते. सायकल हातात धरून चालत आले होते, चढवत नाही म्हणाले. कॅरियरला गोणपाटात एक वीट बांधलेली. एकच. ती सोडून त्यांनी निंबाच्या बुंध्याशी ठेवली. तिथे आधीच्या पाच-सहा होत्या. रोज तिथूनच जात असूनही त्या माझ्या नजरेला पडल्या नव्हत्या.

"दर बाजाराले एक आनतो," ते म्हणाले. "जास्तीची ताकद नाई राह्यली. रशीदभाईचा पोरगा लावून देतो म्हनते."

मी म्हटलं, "भाऊ, बाकीच्या मी आणतो. उद्याच आणतो. तुम्ही नका आता एवढ्या लांब येऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी साहेबांच्या खोलीत माझ्याकडे पाहणं टाळलं होतं, आता टाळलं नाही. रागानं नाही. डोळे नेहमीसारखे बारीक करून, चावी कानाला लावल्यावर करत तसे.

"आना," ते म्हणाले. "पन आता तुमच्या सहीनं आना, बाबू."

मग त्यांनी गोणपाटाची घडी केली, रिकाम्या कॅरियरला लावली, दुकानाकडे "जयभीम" म्हटलं आणि सायकल धरून निघाले. कबरीच्या पायथ्यापासून पहिली तीन पावलं त्यांनी सवयीनं मोजून टाकली, तिसऱ्याला टाच आपटली आणि पुढे गेले.